खोडरबर घरीच ठेवलं

म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या चित्रसंग्रहालयात एक दालन मुद्दाम अंधारं ठेवलेलं आहे. तिथे ती उभी असते. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा पंजा ज्योतीआड धरलेला, उजेडाने बोटं लालसर झालेली आणि तेवढ्याशा प्रकाशात उजळलेला चेहरा. तुमच्यापैकी जे म्हैसूरला जाऊन आले असतील त्यांनी ती पाहिली असणारच. बाकीच्यांनी कॅलेंडरवर तरी पाहिली असेल. बरेचजण तिच्यासमोर क्षणभर थांबतात, "रविवर्म्याचं दिसतंय," म्हणतात आणि पुढे सरकतात.

माझी मैत्रीण तिथे असली तर ती त्यांना पुढे सरकू देत नाही. "रविवर्म्याचं नाही हो. आमच्या सावंतवाडीच्या हळदणकरांचं आहे!"

सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म सावंतवाडीचा, १८८२ चा. 'ग्लो ऑफ होप' हे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढलं आणि दिवा धरून उभी राहिली ती त्यांचीच मुलगी गीता. लग्नानंतर त्या गीताताई उपळेकर झाल्या. २०१८ साली कोल्हापुरात, वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली होती. पण खरी गंमत पुढेच आहे. हे चित्र तैलरंगातलं नाही, जलरंगातलं आहे. शाळेत जलरंगाशी ज्यांची झटापट झाली आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. तैलरंगात चुकलं तर वरून दुसरा हात देता येतो. जलरंगात कागदाचा पांढरेपणा एकदा गेला की जवळजवळ गेलाच.

गेल्या डिसेंबरात मी म्हैसूरला गेले ती कामासाठी, पण पुढे आठवड्याची रजा जोडून. ही मैत्रीण वेंगुर्ल्याची, लग्न होऊन म्हैसूरला आली त्याला चौदा वर्षं झाली. (तिचं नाव छापायचं नाही, या अटीवरच हा मजकूर लिहायची परवानगी मिळाली आहे. तेव्हा ती इथे नुसती 'मैत्रीण'.) पाहुणा आला की ती त्याला राजवाडा दाखवण्याआधी हे चित्र दाखवते. म्हैसूर आणि सावंतवाडी ही तशी दोन टोकांची गावं, पण दोन्ही संस्थानी, दोन्हीकडे गंजिफाची रंगवलेली पानं, आणि आता हे चित्र. माहेरचं माणूस सासरी भेटावं तसं तिला ते वाटतं.

त्या दिवशी मात्र ती कोणालाच काही बोलली नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन बसली आणि म्हणाली, "आपण वेंगुर्ल्याला जाऊ या का? गाडीने, किनाऱ्याकिनाऱ्याने. आणि वाटेत चित्रं काढत."

मला हसूच आलं. चित्रं! आम्ही दोघी एका बाकावर बसून एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षा दिलेल्या. मला दोन्हीकडे 'क' श्रेणी. तिला इंटरमीजिएटला 'अ'. आमचे चित्रकलेचे सर म्हणजे तिचेच वडील. पण दहावीनंतर तिने हातात ब्रश धरलेला मी तरी पाहिला नव्हता. दारातली रांगोळीसुद्धा ती ठिपक्यांची काढते, मुक्तहस्ताची नाही.

"अचानक काय हे?"

"घर उतरवणार आहेत," ती म्हणाली. "फेब्रुवारीत."

सर तीन वर्षांपूर्वी गेले. घर सामायिक, चुलत भावंडं मुंबई-पुण्याला, कौलांचं दर वर्षीचं शाकारणं कोणी करायचं यावर फोनाफोनी. शेवटी विकायचं ठरलं. यात कोणाचा दोष म्हणावा असं काही नाही. कोकणातल्या निम्म्या घरांची आज हीच कथा आहे. भावाने घराचे दीडशे फोटो काढून मोबाइलवर पाठवले होते. ते तिने मला दाखवले. छान होते. "पण यात मला मी कुठे बसायचे तेच सापडत नाही," ती म्हणाली.

तर असा हा प्रवास. म्हैसूर, मडिकेरी, मंगळूर, उडुपी, कारवार, गोवा आणि वेंगुर्लं, सुमारे पावणेसातशे किलोमीटर. गाडी तिची, चालवणार तीच. माझ्याकडे नकाशा, पाण्याच्या बाटल्या आणि डबा. मुलं सासूबाईंकडे. "चित्रं काढायला जाते," हे सासूबाईंना सांगायला ती दोन दिवस कचरत होती. त्या म्हणाल्या, "जा. येताना सुका जवळा आण." संपलं!

सामान आम्ही कमीत कमी घेतलं. कोणाला असं जायचं असेल तर सांगते. ए-फाइव्ह आकाराच्या, जाड कागदाच्या दोन वह्या. पातळ कागद पाणी लागताच पापडासारखा फुगतो. टूबी आणि फोरबी पेन्सिली. तिच्या मुलाची कॅमलची रंगपेटी, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या दप्तरात असायची तीच. दोन ब्रश, एक जाड आणि एक बारीक. वाऱ्याने पानं उडू नयेत म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे. एक जुनं सुती फडकं, टोपी आणि बसायला पाटासारखा फोमचा तुकडा. मी सवयीने खोडरबर टाकलं, ते तिने पिशवीतून काढून फ्रिजवर ठेवलं. "ते नको." का, ते मी विचारलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी हात मोकळा करायला म्हणून आम्ही देवराज मार्केटमध्ये गेलो. चुकलंच. कुंकवाचे आणि रंगांचे ते उंच उंच सुळके, मोगऱ्याच्या माळांचे ढीग, केळीचे घड. कुठून सुरुवात करावी हेच कळेना. अर्ध्या तासात मी एक तराजू काढला. तिने काहीच काढलं नाही. शिकाऊ माणसाने बाजारापासून सुरुवात करू नये, एवढं त्यातून निघालं. एक वस्तू घ्यावी, न हलणारी.

किंवा कावळा घ्यावा. म्हैसूरच्याच आर. के. लक्ष्मण यांनी आयुष्यभर कावळे काढले. १९२१ साली इथे जन्मलेल्या या माणसाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टने प्रवेश नाकारला होता. मग ते म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात शिकले आणि पुढे त्यांचा 'कॉमन मॅन' घरोघर पोचला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण नाही म्हणून कोणी थांबत नाही, याला याहून मोठा दाखला कशाला हवा? पुढे लक्ष्मण आणि त्यांचे थोरले भाऊ आर. के. नारायण यांनी मिळून कर्नाटकावर एक पुस्तक केलं, 'द एमराल्ड रूट', १९७७ सालचं. मजकूर एका भावाचा, रेखाटनं दुसऱ्याची. म्हणजे सोबतीने रस्ता धरून चित्रं काढायची कल्पना म्हैसूरला काही नवी नाही. हे मी मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू मजकूर कर म्हणजे झालं."

मडिकेरीवरून संपाजेचा घाट उतरून मंगळुरात पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. घाटाबद्दल लिहीत नाही. कॉफीचे मळे आणि वळणं यांचं वर्णन तुम्ही पुष्कळ वाचलं असेल, आणि मला गाडी लागते.

मंगळुरात शिरता शिरता तिने एक जुनं कौलारू छप्पर दाखवलं. "आमच्या घरावरची कौलं इथलीच." आपण ज्यांना मंगलोरी कौलं म्हणतो त्यांचा कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६० च्या दशकात इथे काढला. नेत्रावतीच्या काठची माती त्या कामाची निघाली. गलबतांतून ती कौलं किनाऱ्यावरच्या बंदराबंदरांत उतरली, आणि गवताने शाकारलेली घरं लाल झाली. कौल उलटं केलं की आतल्या बाजूला कारखान्याचं नाव उठवलेलं असतं. लहानपणी पावसाळ्याआधी माळ्यावर चढून ती अक्षरं वाचायची हा तिचा खेळ होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मलपे. उडुपीजवळचं हे मासेमारीचं मोठं बंदर. ट्रॉलर धक्क्याला लागत होते, बर्फाच्या गाड्या, टोपल्या, बायकांची भावावरून हुज्जत. मी ब्रश घेऊन समुद्राच्या पाण्यातच बुडवला. समुद्राचं चित्र समुद्राच्याच पाण्याने, किती काव्यमय! ते पान दुपारपर्यंत वाळलं नाही आणि वाळल्यावरही चिकट राहिलं, वर मिठाचे पांढरे कण. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, हे आठवीच्या विज्ञानात होतं की. तेव्हा गोडं पाणी सोबत न्यावं. त्यातही म्हैसूरच्या कोरड्या हवेत रंगाचा हात फिरवेपर्यंत वाळतो आणि किनाऱ्यावर वाळता वाळत नाही. दुसरा रंग घाईने शेजारी लावला की दोन्ही एकमेकांत शिरतात. किनाऱ्यावर दोन वह्या लागतात त्या याचसाठी. एकीतलं पान वाळेपर्यंत दुसरीत काढायचं.

मैत्रीण मात्र गंभीरपणे एक होडी काढत होती. बाजूला दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसलेला एक म्हातारा नाखवा बराच वेळ पाहत होता. मग उठला, वहीत डोकावला आणि कानडीत काहीतरी म्हणाला. ती हसली. "म्हणतोय, अशी होडी असती तर केव्हाच बुडाली असती." होडीची नाळ तिने आडवी काढली होती. खरी किती उभी आणि उंच असते! म्हाताऱ्याने अगदी सहज तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि तिच्या चित्रावर एक रेघ ओढली. खालून वर, एका दमात. होडी एकदम तरंगायला लागली.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. तिच्याकडे पाहिलं तर चेहरा पांढरा. तिने वही मिटली, म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि सरळ गाडीत जाऊन बसली. पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही. उडुपीत मी के. के. हेब्बारांचा विषय काढून पाहिला. ते या भागातलेच, कट्टिंगेरीचे, शिकले मुंबईला जे. जे. मध्ये आणि रेषेचे असे बादशहा की चार रेघांत माणूस नाचायला लागतो. तिने "हं" केलं. मीही गप्प बसले.

मरवंथेला ती थांबली. इथे रस्त्याच्या एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मध्ये फक्त रस्ता. फोटोत हे पाहून वाटतं की रस्ता शांत असेल. तो राष्ट्रीय महामार्ग ६६ आहे! ट्रक सुसाट जातात, मोटारी थांबतात, मंडळी उतरतात, सेल्फी काढतात आणि तीन मिनिटांत जातात. आम्ही वाळूत खाली उतरलो, दगडांच्या आडोशाला. तिथे वाराही कमी आणि ट्रकांचा आवाजही.

चार वाजले होते. बाहेर बसून चित्र काढायचं तर सकाळी दहापर्यंत किंवा दुपारी साडेतीननंतर. मधल्या वेळी ऊन डोक्यावर असतं, सावल्या पायाखाली आणि सगळं सपाट दिसतं. शिवाय पांढरा कागद उन्हात डोळ्यांवर येतो आणि रंग भलतेच लागतात. चारनंतर लाटेच्या पोटात हिरवा उजेड दिसायला लागतो. तो कसा काढायचा? आमच्या पिढीला चित्रकलेच्या तासाला धोंड मास्तरांचं नाव ऐकवलं जायचं. प्रल्हाद अनंत धोंड, जे. जे. चे अधिष्ठाता. त्यांनी जलरंगात समुद्र काढला आणि मराठीत 'रापण' नावाचं आठवणींचं पुस्तकही लिहिलं. ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि बाकीचं पाण्यावर सोपवायचं, असं ते काम. आम्ही करायला गेलो तर समुद्राचं पिठलं झालं. फेसासाठी कागद कोरा सोडायचा असतो. तो आम्ही रंगवून बसलो होतो. जलरंगात पांढरा रंग म्हणजे न लावलेला रंग, हे वाचून ठाऊक असतं. हाताला ते तीन पानं फुकट गेल्यावर कळतं.

तिसरं पान फुकट गेल्यावर ती बोलायला लागली.

सरांना एक खोड होती. मुलांचं चित्र ते तोंडी सुधारत नसत. पेन्सिल हातातून घेत आणि स्वतः रेघ मारत. रबराने आपली रेघ खोडायची, तिथे त्यांची यायची. वर्गातल्या पन्नास मुलांना ते आठवड्यातून एकदा. तिला रोज, घरी. इंटरमीजिएटचा निकाल लागला आणि वर्गातलं कोणीतरी म्हणालं, "सरांनीच काढून दिलं असणार." परीक्षा दुसऱ्या केंद्रावर होती, सर तिथे नव्हतेही. पण तिलाच खात्री देता येईना. आपल्या हातात आपली रेघ किती आणि बाबांची किती? त्यावर तिने उपाय काढला तो हा की काढायचंच नाही. सरांनी विचारलं असेल दोन-चारदा. मग कॉमर्सला प्रवेश घेतला आणि विषय संपला.

"ते म्हणाला कोण होतं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला खरंच आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण वर्गातल्या 'क' श्रेणीवाल्यांत माझाही नंबर होता, आणि तेव्हा मी काय बोलले नसेन याची हमी मी आज देऊ शकत नाही.

ती म्हणाली, "जाऊ दे गं." मग बऱ्याच वेळाने, "त्या नाखव्याची रेघ बरोबर होती. बाबांचीही बरोबरच असायची. हाच तर त्रास होता."

रात्री मुर्डेश्वरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी होन्नावरला शरावतीचा पूल ओलांडून कुमठा, गोकर्णाचा फाटा, अंकोला असं करत कारवार. वाटेत तिने बरंच काढलं. पेट्रोल पंपावरचा हवा भरणारा पोऱ्या, नारळाचा ढीग, माझी झोपलेली मान. सगळं पेन्सिलने, दहा-दहा मिनिटांत, वेडंवाकडं. दोन बायका रस्त्याकडेला बसून काहीतरी काढताहेत म्हटल्यावर माणसं जमतातच. पहिल्या दिवशी आम्ही वही छातीशी धरायचो. तिसऱ्या दिवशी वही उघडी ठेवून बघणाऱ्यालाच विचारायला लागलो, "तुम्हीच आहात, ओळखू येतंय का?" लगेच तो मॉडेल होऊन ताठ बसतो आणि गर्दीला तोच आवरतो. चहाही पाजतो.

कारवारच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे भाऊ सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते आणि त्यांच्याकडे राहत असताना तरुण रवींद्रनाथांनी एक नाटक लिहिलं. पण आम्ही बसलो ते काळी नदीच्या काठी. इथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर कोसळला, वरचा ट्रक नदीत गेला, चालकाला वाचवलं गेलं. माहेरी जाताना दर वेळी ती याच पुलावरून जायची. पूल संपला की गोवा आणि गोवा संपला की घर, असा तिचा हिशेब होता. तिने नदी काढली, पलीकडचा डोंगर काढला, आणि जिथे पूल होता तिथे पेन्सिल थोडी थबकली. मग तिने आठवणीतून पूल काढून टाकला. "चालतं ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, आपल्याला कोण विचारणार आहे.

गोव्यात थांबलो नाही. मारिओ मिरांडांच्या लोटलीवरून जाऊ असं ठरवलं होतं, पण मडगावच्या वाहतुकीने तो बेत मोडला. शिरोड्यावरून वेंगुर्ल्यात पोचलो तेव्हा काळोख पडला होता. रात्री तिच्या चुलत काकींकडे उतरलो. बांगड्याची कढी, भात, सोलकढी. चार दिवस प्रवासात इडल्या खाल्लेल्या माणसाला त्या ताटाबद्दल काय वाटलं ते इथे लिहिलं तर संपादक कापतील.

सकाळी सातला घर. चिऱ्याच्या भिंती, पुढे पडवी, तीन पायऱ्या, अंगणात वृंदावन, डावीकडे विहीर आणि मागे फणस. छपराचं एक टोक बसलेलं. मला वाटलं होतं ती रडेल. तिने पाटाचा फोम अंगणाच्या कडेला टाकला, उठली, चार पावलं मागे गेली, पुन्हा टाकला, पुन्हा उठली. असं पाऊण तास. शेवटी विहिरीच्या कठड्याला पाठ लावून बसली. "लहानपणी इथे बसायचे," म्हणाली. "बाबा पडवीत असायचे. इथून ते दिसतात आणि त्यांना आपली वही दिसत नाही."

दोन दिवस, सकाळी तीन तास आणि संध्याकाळी दीड तास, तिने ते एकच चित्र काढलं. मी शेजारी बसून फणस काढला. फणस सोपा असतो, चुकला तरी फणसच दिसतो. तिचं छप्पर चुकलं. उजवीकडची उतरण जास्त लांब झाली. माझ्यासारखीलाही ते दिसत होतं, म्हणजे तिला नक्कीच दिसत होतं. ती त्या रेघेपाशी पेन्सिल नेऊन थांबली, पुन्हा मागे घेतली आणि कौलांना रंग द्यायला लागली. लाल नाही. इतक्या वर्षांच्या शेवाळाने ती कौलं काळपट हिरवी आणि मध्येच तांबूस झालेली. तो रंग तिने पाच वेळा मिसळून पाहिला. पडवीतला अंधार करायला तर एक अख्खी संध्याकाळ गेली. पडवीच्या कठड्यावर पडलेला उन्हाचा पट्टा मात्र तिने कोरा सोडला होता, पहिल्या सकाळपासून. मरवंथेच्या तीन पानांची फी तिथे वसूल झाली.

काकी सुपारी कातरत मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ चित्राकडे बघितलं, घराकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे.

"छप्पर वाकडा इला गो बाय."

"हो काकी."

"मास्तर आसते तर पट्टी घेवन इले आसते!"

मी श्वास रोखला. ती एवढ्या मोठ्याने हसली की फणसावरचे कावळे उडाले. काकीही हसल्या, मीही हसले आणि मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. काकींनी सुपारीचं खांड तिच्या हातावर ठेवलं आणि त्या मागल्या दाराने निघून गेल्या. चित्रावर पाण्याचा एक थेंब पडला होता, वृंदावनाच्या जरा वर. तो तिने टिपला नाही. तिथे आता एक फिकट गोल डाग आहे.

संध्याकाळी ती बंदरावर गेली आणि मलपेचं पान उघडून नाखव्याची रेघ तशीच ठेवून बाकीची होडी पुरी केली. सुका जवळाही घेतला.

घर ठरल्याप्रमाणे फेब्रुवारीत उतरवलं. वासे आणि कौलं ज्याने घेतली त्याच्याकडून भावाने एक कौल मागून ठेवलं होतं. ते मे महिन्यात म्हैसूरला पोचलं. उलट बाजूला 'मंगलोर' एवढं वाचता येतं, आधीची अक्षरं झिजली आहेत. चित्र तिच्या स्वयंपाकघरात दाराआड चिमट्याने लावलेलं आहे. फ्रेम करू या म्हणून मी दोनदा फोनवर सांगितलं. तिचं अजून काचेचं माप घ्यायचं राहिलंय. सध्या ती दर रविवारी सकाळी कुक्करहळ्ळीच्या तळ्यावर बसते, आणि मुलगा त्याची रंगपेटी परत मागतो आहे.